इंग्रजी वाक्यातील क्रियापद आणि विशेषण : मराठी भाषकाच्या दृष्टीतून

४.१ प्रास्ताविक

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण सर्वजण वापरतो. या म्हणीत क्रियापद नाही. एक नाम, एक विशेषण आणि 'दुरून' हा शब्द एवढ्यावर विधान पूर्ण होते आणि ऐकणाऱ्याला काही उणे वाटत नाही. 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' या म्हणीचीही तीच गोष्ट. आता पहिली म्हण इंग्रजीत नेऊन पाहा. इंग्रजीतील साध्या विधानवाक्याला क्रियापदावाचून उभे राहता येत नाही. म्हणून भाषांतरकाराला एक शब्द पदरचा घालावा लागतो. तो 'आर' घालावा, 'लुक' घालावा की 'सीम' घालावा? 'द हिल्स आर लव्हली फ्रॉम अ डिस्टन्स' असे म्हटले, तर डोंगर खरोखरच सुंदर आहेत असे सांगितल्यासारखे होते आणि म्हणीतला टोमणा मावळतो. 'लुक' घातले, तर सुंदर 'दिसणे' आणि सुंदर 'असणे' यांतील अंतर शिल्लक राहते. विशेषण तेच, परंतु त्याला नामाशी जोडणारे क्रियापद बदलताच वाक्याचा अर्थ बदलतो.

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात इंग्रजी वाक्यरचनेचा विचार कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्यापैकी अनेकजण नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकत आहेत. कोणी कार्यालयात इंग्रजी परिपत्रकाचा मराठी मसुदा करतात, कोणी वृत्तपत्रासाठी बातम्या भाषांतरित करतात, कोणी मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घेतात. या कामांत चुका होतात त्या बहुधा अवघड शब्दांच्या नसतात. 'हंग्री', 'ॲफ्रेड', 'रेडी', 'गुड' यांसारख्या साध्या शब्दांपाशीच वाक्य अडखळते. त्याचे कारण शब्दसंग्रहात नसून क्रियापद आणि विशेषण यांच्या जोडणीत असते. दुसरे असे की, आपल्या भाषेची घडण दुसरीच्या शेजारी ठेवल्याशिवाय नीट दिसत नाही.

४.२ दोन जागा

मराठी व्याकरणात विशेषणाच्या दोन जागा मानल्या आहेत. 'गोड आंबा' यात विशेषण नामाच्या आधी येते, ते अधिविशेषण. 'आंबा गोड आहे' यात ते नामानंतर येऊन विधान पुरे करते, ते विधिविशेषण. इंग्रजीतही या दोन्ही जागा आहेत. फरक इतकाच की, इंग्रजी विशेषण लिंग-वचनानुसार बदलत नाही. 'चांगला, चांगली, चांगले' या सर्वांसाठी तेथे एकच 'गुड' पुरतो. त्यामुळे इंग्रजीत विशेषण कोणाबद्दल बोलत आहे हे त्याच्या रूपावरून कळत नाही. ते केवळ जागेवरून आणि क्रियापदावरून ओळखावे लागते. 'ही फाउंड द एम्प्टी बॉक्स' म्हणजे त्याला रिकामी पेटी सापडली. 'ही फाउंड द बॉक्स एम्प्टी' म्हणजे त्याने पाहिले तेव्हा पेटी रिकामी होती. शब्द तेच, परंतु दुसऱ्या वाक्यात कदाचित चोरी झालेली आहे.

काही इंग्रजी विशेषणांना पहिली जागा वर्ज्य आहे. 'द चाइल्ड इज अस्लीप' चालते, 'अस्लीप चाइल्ड' चालत नाही; तेथे 'स्लीपिंग चाइल्ड' म्हणावे लागते. याचे कारण शब्दाच्या इतिहासात आहे. 'अस्लीप' आणि 'अलाइव्ह' या शब्दांच्या आरंभीचा 'अ' म्हणजे 'ऑन' या शब्दाचे झिजलेले रूप होय. 'अस्लीप' म्हणजे मुळात 'झोपेत'. मराठीतही 'मूल झोपेत आहे' असे आपण म्हणतो, 'झोपेत मूल' असे म्हणत नाही. 'झोपलेले मूल' म्हणतो. शाळेत जो नियम निव्वळ पाठ करावा लागला, तो आपल्याच भाषेच्या अंगणात असा उभा असतो.

४.३ 'मला' आणि 'आय'

आता या घटकातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. पुढील वाक्ये मोठ्याने वाचा : 'आय ॲम हंग्री', 'आय ॲम थर्स्टी', 'आय ॲम कोल्ड', 'आय ॲम ॲफ्रेड', 'आय ॲम स्लीपी', 'आय ॲम अशेम्ड'. इंग्रजीत या सहाही अवस्थांचा साचा एकच आहे. कर्ता 'आय', क्रियापद 'ॲम' आणि पुढे विशेषण.

मराठीत काय होते? मला भूक लागली. मला तहान लागली. मला थंडी वाजते. मला भीती वाटते. मला झोप येते. मला लाज वाटते. येथे 'मी' कर्ता नाही. भूक, थंडी, भीती ही नामे वाक्याचे कर्तेपण घेतात आणि अनुभव घेणारी व्यक्ती 'ला' प्रत्यय लावून बाजूला उभी राहते. भूक जणू बाहेरून येऊन माणसाला लागते. शिवाय प्रत्येक नामाचे क्रियापद ठरलेले आहे. थंडी 'वाजते', ती 'लागते' असेही कोणी म्हणतात. परंतु भूक कधी वाजत नाही. राग 'येतो', भीती 'वाटते', कंटाळा 'येतो', घाम 'फुटतो' किंवा 'सुटतो'. इंग्रजीचा भार विशेषणावर आहे, मराठीचा भार नाम आणि क्रियापद यांच्या जोडीवर आहे.

हे ध्यानात न घेता भाषांतर केले की 'मी भुकेला आहे', 'मी घाबरलेला आहे', 'मी खूप उत्साहित आहे' अशी वाक्ये तयार होतात. ध्वनिमुद्रित मराठी अनुवाद असलेल्या परभाषी चित्रपटांत ती वारंवार ऐकू येतात. ती अशुद्ध नाहीत. 'भुकेला' हा उत्तम मराठी शब्द आहे आणि कीर्तनात 'देव भावाचा भुकेला' असे ऐकताना तो खटकत नाही. तथापि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून कोणताही मराठी मुलगा आईला 'मी भुकेला आहे' असे सांगणार नाही.

उलट दिशेनेही घसरण होते. 'मला उशीर होतोय' हे मनात धरून आपण 'आय ॲम गेटिंग लेट' म्हणतो. भारतात ते सर्रास चालते आणि सर्वांना समजतेही; पण इंग्लंडमध्ये बहुधा 'आय ॲम लेट' किंवा 'इट इज गेटिंग लेट' असे म्हणतील. 'उशीर' हे मराठीत नाम आहे, 'लेट' हे तेथे विशेषण आहे, हा त्यामागचा खरा मुद्दा.

'असणे' या क्रियापदाबाबत मात्र मराठी अधिक काटेकोर आहे. 'मँगोज आर स्वीट' आणि 'दीज मँगोज आर स्वीट' या दोहोंत 'आर' एकच. मराठीत पहिले 'आंबे गोड असतात' आणि दुसरे 'हे आंबे गोड आहेत'. पहिले विधान जातीविषयी, दुसरे समोरच्या पाटीतील फळांविषयी. इंग्रजी मजकुरात हा भेद क्रियापदात दिसत नसल्याने भाषांतरकाराने तो संदर्भावरून हेरावा लागतो. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात 'धातू उष्णतेचे सुवाहक आहेत' आणि 'धातू उष्णतेचे सुवाहक असतात' यांपैकी दुसरे वाक्य सरस का, हे यावरून समजेल.

४.४ ज्ञानेंद्रियांची क्रियापदे

शाळेत आपण व्याख्या शिकलो : क्रियापदाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण. ही व्याख्या प्रामाणिकपणे पाळणारा विद्यार्थी 'द सूप टेस्ट्स स्वीटली' असे लिहितो आणि चुकतो. 'टेस्ट्स' हे क्रियापद आहे, मग पुढे क्रियाविशेषणच हवे, हा त्याचा तर्क. परंतु गोडी ही चव घेण्याच्या क्रियेची नसून सूपाची आहे. म्हणून 'द सूप टेस्ट्स स्वीट'. येथे 'टेस्ट' हे क्रियापद 'इज' प्रमाणे केवळ दुवा साधते. 'लुक', 'साउंड', 'स्मेल', 'फील' ही क्रियापदेही असाच दुवा साधतात. इंग्रजी व्याकरणकार त्यांना 'लिंकिंग व्हर्ब' म्हणतात.

अडचण अशी की, हीच क्रियापदे इतर वेळी खरीखुरी कृतीही दाखवतात. 'ही लुक्ड अँग्री' म्हणजे तो रागावलेला दिसला. 'ही लुक्ड ॲट मी अँग्रिली' म्हणजे त्याने माझ्याकडे रागाने पाहिले. मराठीत या दोन अर्थांसाठी 'दिसणे' आणि 'पाहणे' अशी दोन क्रियापदे असल्याने घोटाळा होतच नाही. चवीबाबतही 'चाखणे' वेगळे आणि 'लागणे' वेगळे : मी आमटी चाखली, आमटी खारट लागली. वासाच्या बाबतीत मराठी विशेषणाला नामाच्या आधी नेऊन बसवते. 'द फ्लॉवर स्मेल्स स्वीट' याचे 'फूल गोड हुंगते' असे होणार नाही. 'फुलाला गोड वास येतो' असे होईल. 'युअर आयडिया साउंड्स गुड' याचे 'तुमची कल्पना चांगली वाटते'. 'फील', 'सीम' आणि 'साउंड' या तिन्हींचा बराचसा भार आपल्याकडे एकटे 'वाटणे' वाहते.

तेव्हा अडल्यावर एक कसोटी लावून पाहावी. इंग्रजी वाक्य मनात मराठीत म्हणा. 'दिसणे, लागणे, वाटणे' आले तर पुढे विशेषण. 'पाहणे, चाखणे, हुंगणे, चाचपणे' आले तर क्रियाविशेषण. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही या ठिकाणी गोंधळतात. 'आय फील बॅड' हे बरोबर असताना अधिक शुद्ध बोलण्याच्या ओढीने 'आय फील बॅडली' म्हणणारे तेथेही पुष्कळ आहेत. मराठी भाषकापाशी निदान ही कसोटी तयार आहे.

४.५ 'चांगला गातो'

मराठी मात्र दुसऱ्या एका ठिकाणी आपल्याला चकवते. 'तो चांगला गातो. ती चांगली गाते. ते चांगले गातात.' या वाक्यांत 'चांगला' हा शब्द गाण्याच्या क्रियेबद्दल सांगतो. म्हणजे कार्याने तो क्रियाविशेषण आहे. पण त्याचे रूप कर्त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते, म्हणजे वागतो विशेषणासारखा. अविकारी नसल्यामुळे त्याला 'क्रियाविशेषण अव्यय' म्हणता येत नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली आले आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. शब्दांच्या जाती लावण्याची ही परंपरा जुनी आहे. तरीही हा शब्द एका कप्प्यात धड बसत नाही आणि दुसऱ्यातही बसत नाही. तो बसावा असा आग्रह धरू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इंग्रजीत असा उंबरठ्यावरचा शब्द प्रमाण लेखनात चालत नाही. 'ही सिंग्ज वेल' म्हणावे लागते, 'ही सिंग्ज गुड' नव्हे. बोलण्यात तेथेही सैलपणा आहेच. १९९७ साली ॲपल कंपनीने 'थिंक डिफरंट' ही जाहिरात केली, तेव्हा 'डिफरंटली' का नाही असा आक्षेप व्याकरणप्रेमींनी घेतला होता. 'ड्राइव्ह स्लो' असे फलक रस्तोरस्ती दिसतात. आपल्याकडच्या फलकावरील 'वाहने सावकाश चालवा' या वाक्यावर मात्र कोणी बोट ठेवणार नाही.

येथे एक सावधगिरी. 'हार्ड', 'फास्ट', 'अर्ली', 'लेट' हे शब्द विशेषण म्हणून आणि क्रियाविशेषण म्हणून एकाच रूपात येतात. नोकरीच्या अर्जात 'मी कष्टाने काम करतो' हे सांगण्यासाठी 'आय वर्क हार्ड' लिहावे. नियमाप्रमाणे 'ली' जोडून 'आय हार्डली वर्क' लिहिले, तर 'मी काम जवळजवळ करतच नाही' अशी कबुली दिल्यासारखे होईल.

४.६ बदल दाखवणारी क्रियापदे

एखादी वस्तू एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाते तेव्हा इंग्रजीत 'बिकम' आणि 'गेट' ही सर्वसाधारण क्रियापदे वापरतात. त्यांखेरीज 'गो', 'टर्न', 'ग्रो', 'फॉल', 'रन', 'कम' ही हालचालीची क्रियापदेही विशेषणाशी जोडली जातात. कोणते कोणाशी, हे रूढीने ठरते. तरी त्यात काही धागे दिसतात. 'गो' बहुधा बिघाडाकडे नेते : 'गो मॅड', 'गो ब्लाइंड', 'गो बॅड', 'गो बँकरप्ट'. 'ग्रो' सावकाश होणारा बदल दाखवते : 'ग्रो ओल्ड', 'ग्रो टायर्ड'. 'टर्न' रंगाशी आणि हवामानाशी रमते. 'कम ट्रू' मध्ये स्वप्न आपल्या दिशेने चालत येते. 'कम लूज' मध्ये मात्र खिळा सैल होतो, म्हणजे धागा येथे तुटला.

मराठीत 'होणे' हे सर्वसाधारण क्रियापद. परंतु 'गो' ची छटा शोधायची तर 'पडणे' या क्रियापदाकडे पाहावे. आजारी पडणे, काळे पडणे, फिके पडणे, ओस पडणे, एकटे पडणे, कमी पडणे, महाग पडणे, विहीर कोरडी पडणे. 'चेहरा लाल झाला' म्हणतो, पण 'चेहरा पांढरा पडला' म्हणतो. कारण दुसऱ्यात तेज गेले आहे. 'स्वस्त पडले' सारखा अपवाद आहेच, तेथे 'पडणे' केवळ हिशोब सांगते. 'फॉल इल' आणि 'आजारी पडणे' यांत तर दोन्ही भाषांनी नेमकी तीच कल्पना निवडली आहे. 'प्रूव्ह राँग' साठी आपल्याकडे 'ठरणे' आहे : अंदाज चुकीचा ठरला. 'कीप क्वाएट' साठी 'बसणे' : गप्प बस.

अनेकदा मराठी हे सर्व साचे सोडून स्वतंत्र क्रियापदच देते. 'द मिल्क वेंट सावर' याचे 'दूध आंबट गेले' नव्हे, 'दूध आंबट झाले' हेही तितके मराठी नव्हे, 'दूध नासले'. 'रन ड्राय' म्हणजे आटणे. 'गो बाल्ड' म्हणजे टक्कल पडणे, म्हणजे पुन्हा नाम. आणि 'गो हंग्री' येथे इंग्रजी 'जाते' तर मराठी 'राहते' : उपाशी राहणे. 'वर्कर्स वेंट अनपेड' या बातमीत कामगार कोठेही गेलेले नसतात. त्यांना वेतन मिळालेले नसते. कार्यालयीन भाषांतर करताना 'गो' नंतर विशेषण दिसले की क्षणभर थांबावे.

४.७ कृती आणि परिणाम

'शी पुश्ड द डोअर ओपन.' या पाच शब्दांत दोन गोष्टी घडतात. तिने दार ढकलले आणि दार उघडले. इंग्रजीत क्रियापद कृतीची रीत सांगते आणि शेवटचे विशेषण परिणाम सांगते. मराठीत 'तिने दार उघडे ढकलले' असे होत नाही. आपण रीत 'ऊन' प्रत्यय लावून आधी सांगतो आणि परिणामाला मुख्य क्रियापद देतो : तिने दार ढकलून उघडले. तसेच 'ही शुक मी अवेक' याचे 'त्याने मला हलवून जागे केले'. 'शॉट डेड' याचे 'गोळी घालून ठार केले'. 'शी शाउटेड हरसेल्फ होर्स' याचे 'ओरडून ओरडून तिचा घसा बसला'. इंग्रजीतले विशेषण येथे मराठीत उरतच नाही. रीत कोणी सांगायची आणि परिणाम कोणी, या कामाच्या वाटपावरून भाषांचे वर्गीकरण करता येते, ही कल्पना लिओनार्ड टाल्मी या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने मांडली आणि ती बरीच गाजली.

तरीही मराठीला परिणामदर्शक विशेषण अगदीच वर्ज्य आहे असे समजू नये. स्वयंपाकघरातली भाषा ऐका. कांदा बारीक चिरला. कणीक घट्ट मळली. भात मऊ शिजवला. भांडी स्वच्छ घासली. दिवाळीआधी भिंत पांढरी रंगवली. येथे विशेषण थेट क्रियापदाशी जोडले आहे आणि ते कृतीच्या शेवटी वस्तू कशी झाली हेच सांगते. मग 'उघडे ढकलले' का चालत नाही? फरक क्रियापदाच्या अर्थात आहे. चिरणे, मळणे, शिजवणे, घासणे, रंगवणे या क्रियांत वस्तू बदलणे गृहीतच आहे. विशेषण तो बदल किती, कसा एवढेच सांगते. ढकलणे किंवा हलवणे यात वस्तूची स्थिती पालटेलच असे नाही. ढकलूनही दार बंद राहू शकते. इंग्रजी ही सीमा ओलांडते, मराठी तेथे 'ऊन' चा पूल बांधते. आपल्या बोलीत या सीमेवरची आणखी उदाहरणे सापडतात का, ते पाहावे. 'पापड कडक भाजला' निश्चित चालते. 'लोखंड सपाट ठोकले' चालते की 'ठोकून सपाट केले' असेच म्हणावे लागते, यावर घरातल्या दोघांचेही एकमत होईल असे नाही.

४.८ विशेषणानंतर येणारे क्रियापद

आतापर्यंत क्रियापद आधी आणि विशेषण नंतर असा क्रम पाहिला. उलट क्रमाचे एकच उदाहरण घेऊ. 'जॉन इज ईगर टू प्लीज' आणि 'जॉन इज ईझी टू प्लीज' ही वाक्यजोडी नोम चॉम्स्की यांनी १९६० च्या दशकात चर्चेत आणली. वरून पाहता दोन्ही वाक्यांत केवळ एक विशेषण बदलले आहे. परंतु पहिल्यात खूश करणारा जॉन आहे, दुसऱ्यात खूश होणारा जॉन आहे. इंग्रजी वाक्याचा बाह्य साचा हे लपवतो. मराठीत ते लपतच नाही : 'जॉन दुसऱ्यांना खूश करायला उत्सुक असतो' आणि 'जॉनला खूश करणे सोपे आहे'. 'जॉन' ला लागलेला 'ला' प्रत्यय सर्व उलगडून सांगतो.

स्वयंअध्ययनासाठी : पुढील वाक्ये मराठीत आणा आणि प्रत्येक ठिकाणी इंग्रजी विशेषणाचे मराठीत विशेषणच राहिले, नाम झाले की ते क्रियापदात विरघळले, याची वहीत नोंद करा. 'द चिल्ड्रन फेल सायलेंट.' 'आय ॲम बोअर्ड.' 'धिस बुक इज बोअरिंग.' 'द वेल रॅन ड्राय इन मार्च.' 'शी वाइप्ड द स्लेट क्लीन.' 'ही इज बीइंग डिफिकल्ट.' शेवटच्या वाक्यात 'इज' च्या जोडीला 'बीइंग' का आले आहे, याचा विशेष विचार करावा; 'तो अवघड आहे' हे त्याचे भाषांतर नव्हे, 'तो आज मुद्दाम अडून बसला आहे' हे अधिक जवळचे होईल.